सातव्या वर्षाचं वावर

—बंद कर. आधी ते बंद कर, मंग बोल. त्या धडधडीत मले माहं स्वतःचं ऐकू येत नाही, तुहं काय ऐकू येणार! — पुन्हा हँडल मारा लागते? मंग मारजो. एवढे दंड देवानं कायले देले? — हं. आता कसं. आता पाखरं ऐकू येतात पाह्य. आणि ती ढोलकी. येते ना आवाज, तिकडून, निंबाच्या मांगून? ते आमचं देऊळ. आज रविवार. आणि ढोलकी वाजवून राह्यला तो माहा पोरगा, बाबाराव — ज्यानं तुले बलावलं. काय सांगितलं त्यानं? माय देवळात बसली असन, गाणी-प्रार्थना-उपदेश मिळून दुपार होईन, तेवढ्यात नांगरून मोकळा हो — असंच ना? बोलू नको, तोंडावरून समजते. तुहं मशीन नाल्यात उतरलं तेव्हाच मी ऐकलं. सगळ्यायनं ऐकलं. आणि हा ढोलकी बडवाले लागला. एकच ध्रुवपद, पुन्हा तेच, पुन्हा तेच. पाळकसाहेब बिचारे चष्मा घालून उभे, उपदेशाले सुरुवात कराले मिळत नाही त्याइले. मी उठली. बायांच्या मधातून निघाली. तो पाहून राह्यलता मले, पण हात थांबवले नाही त्यानं. अजून वाजवून राह्यला. हात दुखतीन आता मूर्खाचे.

नाव काय तुहं? जहीर. दारव्ह्याचा? कोणाचा — मोहिउद्दीन मिस्तरीचा? जो गाड्याच्या चाकाले धाव बसवे, लोखंड लाल करून? अरे बाप्पा! आमच्या गाड्याची धाव त्यानंच बसवली होती. हाताचा मोठा खरा माणूस. जिवंत आहे का? — बरं. देव ठेवो. बाप बैलगाडीचं चाक सांभाळे, पोरगा बैलालेच घरी बसवाले निघाला. हास, हास. दाढीत पांढरं आलं तरी हासाची लाज वाटू नये. मराठी समजते ना चांगली? समजणारच, दारव्ह्याचा माणूस. मंग ऐक. खाली उतर आणि या धुऱ्यावर, बांधावर बस. हा गडवा घे, पाणी पी. माह्या हातचं चालते ना? — नाही, विचारा लागते बाप्पा. या गावात आम्ही ख्रिस्ती होऊन किती वर्षं झाली, तरी मोठ्या विहिरीवर आमची दोरी कोणी पडू देल्ली नाही. मांगून आमच्या शेजारच्या हंसाबाईची सगळी मंडळी बौद्ध झाली, छप्पनच्या साली, नागपुरातून आले तर मान वर करून आले. त्याइलेही तीच विहीर बंद. देव बदलला, विहीर कुठी बदलते?

आता पाह्य इकडं. काय दिसते? — गवत. बरोबर. कंबरेइतकं. आणखी काय? — तण. कुंदा. तुहा ट्रॅक्टरवाला शेटही तेच म्हणन, बाबारावही तेच म्हणते, कुंदा माजला, मुळ्या हातभर खाली गेल्या, आता ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. निघत नाही तर राहू द्या! हे वावर यंदा आराम करून राह्यलं. पडीत नाही — पडीत म्हणजे मालकाले गरज नाही ते. हे सुटीवर आहे. सहा वर्षं पऱ्हाटीचा कापूस देल्ला, जवारी देल्ली, तूर देल्ली. सातव्या वर्षी याची सुटी. हे मी नाही सांगत, आमच्या शास्त्रात लिहिलं आहे. देवानं मोशेले सांगितलं — जशी माणसाले सातव्या दिवशी सुटी, तशी जमिनीले सातव्या वर्षी. पेरू नको, छाटू नको. जे आपोआप उगवन ते तुह्या चाकराचं, पाहुण्याचं, गुराचं, रानातल्या जनावराचं. — नाही, तुमच्यात आहे का नाही मले माहीत नाही. पण जमीन तर तीच आहे ना तुमची-आमची.

कोणी वाचून दाखवलं म्हणतं? कोणीच नाही! मी सोता वाचलं. शाळेचं तोंड पाह्यलं नाही मी. मिशनच्या मडमेनं लग्नात शास्त्र देल्लं, आणि एक गीताचं पुस्तक. उकंडा — माहा नवरा — त्याले अक्षर येत नव्हतं, मलेही नव्हतं. पण गाणी तोंडपाठ. मंग मी काय करू, गीताचं पुस्तक उघडू, पहिल्या ओळीवर बोट ठेवू आणि गाणं म्हणू, हळू. एक शब्द, एक बोट. कधी बोट पुढं पळे, कधी गाणं पुढं पळे. दोघं संगं चालाले लागले तेव्हा समजलं, आपण वाचून राह्यलो. मंग शास्त्र काढलं आणि पहिल्या पानापासून धरलं. पाळक वाचतात तसं नाही, इथून गोड तिथून गोड. जे कोणी वाचत नाही, बकऱ्याचं, कोडाचं, कापणीचं, तेही वाचलं. तिथीच हे सापडलं. उकंडाले सांगितलं तर तो विडी पेटवत म्हणे, "देवानं म्हटलं असन तर त्याले वावरातलं समजते, बरं." बस, एवढंच. मोठा सरळ माणूस होता. बाप्तिस्म्याच्या वेळेस साहेब म्हणे, नाव बदलू, पौलस ठेवू. तर हा म्हणे, "माह्या आधीचे सगळे मेले म्हणून मायनं मले उकंड्यावर लोळवून हे नाव ठेवलं, या नावानं मी जगलो, आता तुमच्या नावानं मरू का?" साहेब हासले. उकंडाच राह्यला. मेलाही उकंडाच.

पाळकाले मी विचारलं ना. आत्ताचे नाही, आधीचे. ते म्हणे, "सत्यशीलाबाई, ते जुन्या करारातलं, यहुद्यांसाठी. आपण आता कृपेत आहोत, नियमात नाही." मी म्हटलं, साहेब, कृपेत माणूस आला. जमिनीले कोणी बाप्तिस्मा देल्ला? ती बिचारी अजून नियमातच आहे. मंग ते उपदेशात म्हणाले लागले, काही बहिणी अक्षराले धरून बसतात. धरून बसते. अक्षर मी घाम गाळून कमावलं, मी धरीन नाही तर काय वाऱ्यावर सोडू? पहिल्याच माणसाले देवानं बागेत कायले ठेवलं? राखाले. राख म्हणाला, ओरबाड नाही म्हणाला.

तर सत्तावनच्या साली आम्ही हे वावर सोडलं. अख्खं गाव हासलं. उकंड्याची बायको पागल झाली म्हणे, पुस्तक वाचून वाचून डोस्कं फिरलं. मजुरी करून खाल्लं आम्ही त्या वर्षी, दुसऱ्याच्या वावरात निंदण, दुसऱ्याच्या वावरात वेचणी. चालते. पण इथी काय झालं सांगू? आधी तरोटा आला. हंसाबाई आणि तिच्या घरच्या बाया भाजी खुडाले आल्या, धुऱ्यावर उभ्या राहून विचारत, घेऊ का? मी म्हटलं, विचारू नको, यंदा हे माहं नाही. मंग गवत. गवतात लावे आले — भुर्र उडत पायाखालून, छाती धडकून जाये. ससे आले. टिटवीनं तिकडं मुरमाड जागेत अंडे घातले, आणि वाळकं! अरे, बी कोणी टाकलं का काही, अशी वाळकं लागली गवताच्या बुडाशी, पिवळी, फुटलेली, वास सुटे या धुऱ्यापर्यंत. सुवी तर दिवसभर इथीच. घरी येतच नव्हती. गवतात बसली की दिसतच नाही, फक्त गवत हालते तिथी ती आहे असं समजाचं. मी हाक मारू तर तिकडून वाळूक खात खात तोंड काढे, नाकाले बी चिपकलेलं...

काय? — सुवी कोण? पोरगी माही. सुवार्ता नाव. धाकटी. बाबारावच्या खूप मांगून झाली. त्यानंच खांद्यावर घेऊन वाढवली म्हण ना. — नाही, इथी नाही आता. पाणी घे ना अजून.

शेटले काय सांगू म्हणतं तू? सांगजो म्हातारीनं अडवलं. भाडं बाबाराव देईन, त्यानं बलावलं. काम झालं नाही तरी देईन, ते पाहून घेईन मी. सरकार म्हणते इंचभर जमीन रिकामी ठेवू नका, धान्य कमी आहे देशात. मले माहीत आहे, मी पेपर वाचते, किराण्याच्या पुडीचाही वाचते. पण सरकार एका वर्षाचं पाहते. या काळ्या मातीले भेगा पडतात उन्हाळ्यात, हात जाते खांद्यापर्यंत आत — तहानेनं तोंड वासते ती. तिले एक वर्ष तिचा स्वतःचा पालापाचोळा खाऊ द्या, स्वतःच्या मुळ्या कुजवू द्या. अठ्ठावन साली पऱ्हाटी कशी आली होती, विचार गावाले. माणसाइतकी. हासणारे पाहाले आले.

पोराशीच बोला म्हणतं? मधात मले कायले उभं केलं म्हणतं? बरोबर आहे तुहं. पण मी बोलत नाही त्याच्याशी. — नाही, भांडण नाही. जेवाले वाढते, त्याची बायको बाळंत झाली तर मीच केलं सगळं, देवळात एकाच गीताच्या पुस्तकात पाहतो. पण बोलणं नाही. काही वाईटही नाही बोलली बरं! हे पूर्ण गावाले विचार, सत्यशीलाबाई पोराले एक शब्द वाईट बोलली का? एक शब्द नाही. ना तेव्हा, ना मंग. कव्हापासून? त्याच सालापासून. पऱ्हाटी माणसाइतकी आली त्या साली.

आता तू काहून-काहून विचारू नको. दारव्ह्याचे लोक मोठे चौकशीखोर. काही नाही रे. पऱ्हाटी अशी आली तर अळी आली. बोंडात. बाबाराव तेव्हा नवीन नवीन, लग्न ठरलेलं, अंगात जोर. तो पावडर घेऊन आला. पांढरी. फडक्यात बांधाची आणि पऱ्हाटीवर झटकाची, पहाटे, दव असते तेव्हा चिपकते. उकंडा म्हणे, असू दे, थोडं अळीनं खाल्लं तर खाऊ दे. पण चांगलं पीक पाहून लोभ तर सगळ्याइलेच येते, तो काय एकट्याचा होता? त्यानं झटकली. पूर्ण वावर पांढरं झालं, जसं पीठ सांडलं. अळी मेली, बरं. पटापट खाली पडली.

आणि पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळींच्या मधात, वाळकाचे वेल उगवले होते. आदल्या वर्षीचं बी ना. सुटीच्या वर्षी जे सडलं, तेच उगवलं. सुवीले जागा माहीतच होत्या. आदल्या वर्षी सगळं खाल्लं होतं तिनं इथलं, पान-फळ, कोणी हात धरला नव्हता. मीच सांगे — या वावरात जे उगवते ते देवानं वाढलेलं ताट आहे, घे. ते त्या वर्षीचं होतं. वर्ष संपलं हे लेकराले काय समजते? तिनं तोडलं, परकराले पुसलं, खाल्लं. परकराले पांढरं लागलेलं होतं, ते मी मंग पाह्यलं. बाबारावनंच उचलून आणली धुऱ्यावरून. इथूनच. तू बसला तिथून. तोंडाले फेस. यवतमाळले न्यावं म्हणून गाडा जुंपला, मोहिउद्दीनभाईच्या धावेचाच गाडा, नाल्यापर्यंत गेलो आम्ही. तिथून परत आलो.

मी रडली नाही. उकंडा रडला, बाबाराव तर देवळाच्या भिंतीवर डोस्कं आपटे, दोघा-तिघायनं धरलं. मले काही झालंच नाही. मले वाटलं, येईन मांगून. दुखणं मांगून येते कधी कधी, हाडाले मार बसला की. नाही आलं. पाळक म्हणे, देवानं दिलं, देवानं नेलं. मी म्हटलं, हो साहेब. भाकरी केल्या. सकाळी उठून झाडलं. असं चालून राह्यलं. आता तुह्याशी बोलून राह्यली ना, पाह्य माह्या डोळ्याइले — पाणी आहे का? नाही ना. तुहेच आले. दारव्ह्याचे लोक!

एक गोष्ट मात्र होती, आता तू विचारलंच नाही तरी सांगते. मी वाट पाहून होती. सातव्या वर्षाची. सहा वर्षं पेरणी झाली, वखरणी झाली, मी मोजत नव्हती, पण आतून कोणीतरी धरून होतं. मले वाटे, ते गवत पुन्हा येईन. ते लावे येतीन. मी धुऱ्यावर बशीन आणि गवत हालन, आणि मंग तरी मले काही होईन. देव एवढं तर देईन, त्याच्याच शब्दाले धरून बसली मी. — आलं ना गवत. तू पाहूनच राह्यला. लावेही आले. पोळ्याच्या मांगून रोज येऊन बसली मी इथी, जेवणाचं फडकं घेऊन. वारा आला की सगळंच हालते रे. एकटीच जागा हालत नाही. आणि वाळकं आली. तिकडं, बोरीच्या कोपऱ्यात वेल आहे, आता सुकला. एक पिकलेलं सापडलं. मी पुसलं नाही काही नाही, तसंच खाल्लं.

चव लागली नाही.

काहीच नाही. जसं भिजलेलं फडकं चावावं. बी थुंकलं आणि घरी गेली. बाबाराव दारात उभा होता. त्यानं माह्या लुगड्यावर वाळकाचा डाग पाह्यला — आणि तो मांगं सरकला. मले पाहून. भिंतीले लागला. मोठा दाढीमिशाचा माणूस, तीन लेकरांचा बाप. मी काही बोलली नाही, मी तर बोलतच नाही. आत गेली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दारव्ह्याले गेला... तुह्या शेटकडं.

हं.

मले वाटलं लोभ. मले वाटलं, कुंद्याचं निमित्त, यंदाचं पीक बुडलं म्हणून जीव जाते त्याचा. आता हे तुले सांगता सांगता — अरे, मी वाट पाहून होती या गवताची, आणि तो भेऊन होता. सहा वर्षं. जसंजसं सातवं जवळ आलं तसतसा. रोज याच रस्त्यानं जाते तो, मान दुसरीकडं करून. मी म्हटलं मान मोडली का याची. त्याले हे उभं दिसत असन ना, सगळं. मले दिसून काही होत नाही, आणि त्याले नुसतं दिसते. कोणाचं बरं?

थांब, उठू नको. गडवा इकडं दे.

त्याच शास्त्रात, सातव्या वर्षाचं आणखी एक आहे. ते मी कोणाले सांगितलं नाही. पाळकाले नाही, उकंडालेही नाही. बोट ठेवलं आणि पुढं नेलं. त्यात असं आहे, की सातव्या वर्षी नुसती जमीनच नाही सोडाची. शेजाऱ्याकडं, भावाकडं तुहं जे घेणं निघते, तेही सोडून द्याचं. पुन्हा कधी मांगाचं नाही. मी जमिनीचं धरलं. ते सोपं होतं. — काय बोललीच नाही त्याले! पूर्ण गावाले विचार! नाही बोलली म्हणूनच ना. बोलली असती तर तो रडला असता, मले शिव्या देल्ल्या असत्या, संपलं असतं. मी देल्लंच नाही काही त्याले. वाढलं फक्त.

कशी वाजवून राह्यला पाह्य. ताल सुटला त्याचा. कोणी गातही नसन आता.

हे तुहं मशीन, कोपऱ्यात वळते का? — गोल फिरते? मंग कोपरे? — चारही? तसेच राहतात? मंग बैलानं काढा लागतात म्हणतं. नाही, काढाचे नाही. बाबारावले सांगजो, मायनं सांगितलं, कोपऱ्यात बैल घालाचा नाही. कोपरे गरीबाचे आणि परक्याचे, हेही लिहिलेलं आहे. हंसाबाई भाजीले येते तिच्यासाठी राहू दे. त्या बोरीखालच्या कोपऱ्यापासून तर लांबच राह्यजो, वेल आहे तिथी. बाकीचं घे.

हो, घे म्हटलं. काय पाहतं? मधात टिटवी ओरडली तर एकदा खाली उतरून पाह्यजो, तिचं घरटं दिसत नाही लवकर. आणि लावे उडू दे आधी, एकदम घुसू नको. जमिनीचं वर्ष मोडते, मले माहीत आहे. मी उत्तर देईन. जमीन समजून घेईन, तिले सवय आहे.

पण आत्ताच हँडल मारू नको. मी देवळात जाते. माह्या जागेवर बसते, समोर, त्याच्या नजरेत. मंग लाव. तुहं मशीन सुरू झालं आणि मी उठली नाही, हे त्याले दिसलं पायजे. बोलता तर येणार नाही मले एकदम, एवढ्या वर्षांचं तोंड बंद. बसता येते. — तुले कसं समजन मी बसली ते? मी दारात दिसली की ती ढोलकी थांबन. थांबली की लाव.

चल, हो बाजूले. पदराले गवत लागलं का मांगून? — राहू दे.